एका मात्रेचा फरक

फ्रेंचमधला 'अँपार्फे' हा भूतकाळ इंग्रजीतून शिकाल तर छळतो. मराठीतून शिकाल तर चक्क घरचा निघतो!

मंगळवार, दुपारचे साडेतीन. लियाँच्या क्लायंटबरोबर कॉल. आमच्या टीममध्ये तोडकंमोडकं का होईना, फ्रेंच येणारी मी एकटीच. त्यामुळे मॅनेजरनं मोठ्या कौतुकानं मला पुढे केलेलं. "दोन वाक्यं फ्रेंचमध्ये टाक गं, त्यांना बरं वाटतं." मी घसा खाकरला आणि टाकलं. "इयेर, ज तेस्ते ल मोद्युल." काल मी मॉड्यूल टेस्ट केलं, असं मला म्हणायचं होतं.

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तिथल्या बाईंचा आवाज आला, "ए आलोर?"

म्हणजे, 'बरं, मग?'

मला वाटलं, बाई खूश झाल्या. मी उत्साहात "वुई, वुई!" म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी मिनिट्स ऑफ मीटिंग आले. आमच्या मॉड्यूलपुढे लिहिलं होतं, 'टेस्टिंग अपूर्ण'. आणि गुरुवारचा डेमो थेट पुढच्या सोमवारवर गेला होता. मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं कौतुक कुठल्या कुठे गेलं, हे काय वेगळं सांगायला हवं?

शनिवारी क्लासमध्ये मॅडमना हा किस्सा सांगितला. त्या आधी खो खो हसल्या. मग त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि मी ती माझ्या सवयीप्रमाणे वहीत देवनागरीत उतरवली. एक, 'जे तेस्ते'. मी टेस्ट केलं, काम झालं, विषय संपला. दुसरं, 'ज तेस्ते'. मी टेस्ट करत होते... आणि? वाक्य हवेतच. लियाँच्या बाई त्या पुढच्या भागाची वाट बघत होत्या आणि मी वुई-वुई करत बसले होते! तसा शेवटचा 'ए'सुद्धा दोन्हींत किंचित वेगळा असतो, पण आपल्या कानाला तो सुरुवातीला पकडता येत नाही. आपल्यासाठी फरक एवढाच, 'ज'वरची एक मात्रा.

हा जो वाक्य हवेत सोडून देणारा भूतकाळ आहे, त्याचं नाव अँपार्फे. शब्दाचा अर्थच 'अपूर्ण'. म्हणजे मिनिट्स लिहिणाऱ्यानं माझं वाक्य तंतोतंत उतरवून घेतलं होतं. चूक माझीच.

ड्रायव्हर झालेले बाबा

मी फ्रेंच का शिकायला घेतलं? खरं सांगायचं तर ऑनसाइटच्या आशेनं. पुण्यात त्याची सोय काही नवी नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, अलियाँस फ्राँसेझ आहे, शिवाय घरगुती क्लासही पुष्कळ. मी घराजवळच्या एका छोट्या क्लासला नाव घातलं. शनिवार-रविवार, सकाळी आठ ते दहा. सगळं जग झोपलेलं असताना आम्ही आठ-दहा जण जांभया देत क्रियापदं चालवायचो.

पहिल्या लेव्हलला, म्हणजे ए-वनला, निबंध होता 'मों पेर', माझे वडील. माझे बाबा एसटीत कंडक्टर. सातारा-स्वारगेट. त्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'मों पेर ए कोंद्युक्तर'. मॅडमनी विचारलं, "अरे वा, कुठली गाडी चालवतात?" मला कळेना. मग समजलं, फ्रेंचमध्ये 'कोंद्युक्तर' म्हणजे ड्रायव्हर! तिकिटं फाडणारा तो 'रसव्हर'.

रात्री फोनवर बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चला, फ्रान्समध्ये का होईना, स्टिअरिंग हातात आलं!" त्यानंतर घरी कुणीही आलं की ते हा किस्सा सांगायचे. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलालासुद्धा सांगायचे.

'सांगायचे.' हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा प्रवास याच्याच जोरावर करायचा आहे.

फॉर्म्युला एकदम सोपा

अँपार्फेबद्दलची चांगली बातमी आधी. तो तयार करणं हे फ्रेंचमधलं बहुधा सगळ्यात सोपं काम आहे. ज्या भाषेत प्रत्येक नियमाला अपवाद आणि त्या अपवादालाही अपवाद, तिथे हे नवलच!

पहिली पायरी, क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं रूप घ्या. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याचं 'नू पार्लों', आम्ही बोलतो.

दुसरी पायरी, शेवटचा 'ओं' कापून टाका. स्पेलिंगमध्ये तो ओ-एन-एस असा लिहितात. उरलं 'पार्ल'.

तिसरी पायरी, शेपटी जोडा. 'ज' म्हणजे मी आणि 'त्यू' म्हणजे तू, या दोघांना ए-आय-एस. 'इल' किंवा 'एल', म्हणजे तो किंवा ती, यांना ए-आय-टी. 'नू'ला आय-ओ-एन-एस. 'व्हू' म्हणजे तुम्ही, त्याला आय-ई-झेड. आणि 'ते'ला ए-आय-ई-एन-टी.

झालं! ज पार्ले, त्यू पार्ले, इल पार्ले, नू पार्लियों, व्हू पार्लिये, इल पार्ले. नीट ऐकलंत तर सहापैकी चार रूपांचा उच्चार एकच. स्पेलिंग वेगवेगळं, पण बोलताना 'पार्ले' म्हटलं की चौघंही खूश. (बिस्किटाशी संबंध नाही, पण आठवायला सोपं जातं.)

वर्तमानकाळात नखरे करणारी क्रियापदंही इथे सरळ येतात. 'फिनीर' म्हणजे संपवणे, नू फिनिसों, म्हणून ज फिनिसे. 'ब्वार' म्हणजे पिणे, नू ब्यूव्हों, म्हणून ज ब्यूव्हे. 'फेर' म्हणजे करणे, नू फझों, म्हणून ज फझे. अपवाद फक्त एक, 'एत्र', म्हणजे असणे. त्याचं 'नू सॉम' होतं, त्याला कापायला 'ओं'च नाही. म्हणून त्याचा वेगळा पाया, 'एत'. मी होते, 'जेते'. तो होता, 'इल एते'. एवढं एक पाठ केलं की सगळे पाठ.

लिहिताना दोन ठिकाणी सांभाळा. 'माँजे' म्हणजे खाणे, याच्या 'जी'पुढे एक 'ई' टिकवून ठेवावी लागते, नाहीतर 'ज'चा 'ग' होतो. 'नू' आणि 'व्हू'ला मात्र ती ई गळते, कारण तिथे 'आय' आहेच. आणि 'एत्युदिये', म्हणजे अभ्यास करणे, याच्या 'नू'च्या रूपात दोन 'आय' शेजारी शेजारी येतात. ती प्रिंटिंग मिस्टेक नव्हे, तसंच असतं.

मग घोडं अडतं कुठे?

वापरताना. कारण फ्रेंचमध्ये रोजच्या बोलण्यात भूतकाळ दोन. एक 'पासे कोंपोझे', ते आमचं मात्रावालं 'जे तेस्ते'. दुसरा अँपार्फे. कथा-कादंबऱ्यांत 'पासे सँप्ल' नावाचा तिसराही भेटतो, पण तूर्त त्याला लांबूनच नमस्कार. प्रत्येक वाक्यात निवड करायची, हा की तो? आणि आपण सगळे फ्रेंच शिकतो इंग्रजीतून. इंग्रजीतलं एकच साधं भूतकाळी क्रियापद दोन्हीकडे चालतं. 'त्यांनी तीस वर्षं काम केलं' आणि 'ते रोज रात्री उशिरापर्यंत काम करायचे', इंग्रजीत दोन्हीकडे 'वर्क्ड'. त्यामुळे आपला गोंधळ उडालाच म्हणून समजा.

मी मनाशी एक नियम बनवला होता. कृती छोटी असेल तर पासे कोंपोझे, लांबलचक असेल तर अँपार्फे. क्लासमधल्या निम्म्या लोकांचा हाच नियम होता. आणि तो साफ चुकीचा आहे.

हे कळलं ते दुसऱ्या लेव्हलला. मध्ये माझा क्लास वर्षभर सुटला होता. बाबा गेले. एका जूनमध्ये, अगदी अचानक, रिटायर होऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्यानंतर क्रियापदं चालवायला कुणाला सुचणार? मग एके दिवशी आईच म्हणाली, "ते फ्रेंच सोडू नकोस. त्यांनी सगळ्या डेपोला सांगून ठेवलंय." म्हणून परत गेले.

तर दुसऱ्या लेव्हलचा निबंध होता 'काँ जेते पतीत', मी लहान होते तेव्हा. अँपार्फे शिकवायला जगभर हाच विषय देत असावेत. मी बाबांबद्दल लिहिलं. वही परत आली तेव्हा एका वाक्याभोवती लाल गोल होता. 'मों पेर त्राव्हाये त्राँतेअन आँ.' बाबा ३१ वर्षं नोकरी... मी अँपार्फे वापरला होता. ३१ वर्षांपेक्षा लांबलचक आणखी काय असतं?

मॅडम म्हणाल्या, "हे मराठीत म्हण बघू."

मी म्हटलं, "बाबांनी ३१ वर्षं नोकरी केली."

"'बाबा ३१ वर्षं नोकरी करायचे' असं म्हणशील?"

छे! कुणीच म्हणणार नाही. कानालाच खटकतं. आकडा सांगितला की हिशेब पूर्ण झाला, ट्रिप संपली, डेपोत कॅश जमा झाली. मग ती ३१ वर्षं असोत की तीन मिनिटं. तिथे पासे कोंपोझे, 'इल आ त्राव्हाये'. पण 'बाबा रात्री अकराला घरी यायचे', 'खिशातून लिमलेटची गोळी काढायचे', 'त्यांच्या शर्टाला डिझेलचा वास असायचा', यातल्या कशालाच शेवट नाही. कधी सुरू झालं, कधी थांबलं, वाक्य सांगत नाही. आपण त्या काळाच्या आत उभे असतो. तिथे अँपार्फे.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो तेव्हा. अहो, हे सगळं तर आपल्याला येतंय! शाळेच्या व्याकरणात आपण चार भूतकाळ शिकलो होतो. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. 'मी लिहीत होते' हा अपूर्ण. 'मी लिहीत असे' हा रीती, ज्याला आपण बोलताना 'मी लिहायचे' म्हणतो. या दोघांचं आणि साध्या 'होता-होती-होतं'चं मिळून फ्रेंचांनी एकच दुकान काढलंय, त्याचं नाव अँपार्फे. परीकथाही त्यातच सुरू होतात. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या गोष्टींपासून ओळखीचं झालेलं 'इल एतेत्युन फ्वा' म्हणजे आपलं 'आटपाट नगर होतं'. तिथला राजाही राज्य 'करीत असे', राज्य 'केलं' नाही. केलं म्हटलं की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच संपायची.

होतं की झालं?

त्या दिवसापासून मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणायला लागले. तेही पुस्तकी नाही, आई बोलते त्या मराठीत. पाऊस पडत होता, 'इल प्लव्हे'. पाऊस पडला, 'इल आ प्ल्यू'. मला माहीत होतं, 'ज साव्हे'. मला कळलं, 'जे स्यू'. बघा, फ्रेंच एकाच क्रियापदाचा काळ बदलून जे करतं, त्यासाठी आपण वेगळा शब्दच ठेवलाय. रस्त्यावर गर्दी होती, 'इल्याव्हे'. रस्त्यावर अपघात झाला, 'इल्या यू'. तुमचं मराठी मन 'होतं' म्हणतंय की 'झालं', एवढं ऐका. दहातल्या आठ वेळा उत्तर बरोबर येतं.

उरलेल्या दोन वेळा? तिथे एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवते. 'त्यानं निळा शर्ट घातला होता.' मराठीत हे रूप पूर्ण भूतकाळाचं, म्हणून आपण फ्रेंचमध्येही पूर्ण झालेला, आणखी मागचा काळ वापरायला जातो. पण अर्थ काय? शर्ट अंगावर होता. कृती नाही, अवस्था. म्हणून अँपार्फे, 'इल पोर्ते'. तसंच 'ती बसली होती', 'तो उभा होता', 'मी झोपले होते'. दिसायला पूर्ण, असायला अपूर्ण.

या 'झोपले होते'चीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. दोन्ही काळ एकत्र कसे येतात हे दाखवायला फ्रेंच शिकवणारे एक ठरलेलं वाक्य देतात. 'ज दॉर्मे काँ ल तेलेफोन आ सोने.' मी झोपले होते, तेवढ्यात फोन वाजला. मागे काहीतरी चालू आहे, ते अँपार्फे. त्यात काहीतरी येऊन आदळतं, ते पासे कोंपोझे. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी वहीत उतरवलं. मी पेन हातात धरून नुसती बसले. कारण त्या जूनमध्ये अगदी असंच झालं होतं. पहाटे चारला. मी झोपले होते. फोन वाजला.

मॅडमना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "तू तुझं वेगळं वाक्य कर."

मी एसटीचं केलं. लहानपणी सुट्टीत मी बाबांबरोबर ड्युटीवर जायचे. कंडक्टरच्या सीटशेजारी, खिडकीला. गाडी चालू असायची. खंबाटकीचा घाट असायचा, कुणी पेंगत असायचं, कुणी भडंग खात असायचं. हा सगळा अँपार्फे. मग एक माणूस चढला, बाबांनी तिकीट फाडलं, दोरी ओढली, टण् टण्, डबल बेल. हे सगळं पासे कोंपोझे. अँपार्फे म्हणजे चालू गाडी आणि पासे कोंपोझे म्हणजे बेल. सगळ्या क्लासला हे इतकं आवडलं की पुढे कुणीही अडकलं की मागून कुणीतरी विचारायचं, "गाडी की बेल?"

ऑफिसात कामी येणारा

तुम्ही म्हणाल, हे लहानपणच्या आठवणींचं ठीक आहे, आम्हाला तर क्लायंटशी बोलायचंय. तर तिथेही अँपार्फे लागतोच, आणि तोही भूतकाळ नसताना!

फ्रेंच माणसाला थेट 'मला विचारायचंय' म्हटलं तर थोडं अंगावर गेल्यासारखं वाटतं. म्हणून म्हणायचं, 'ज व्हुले व्हू दमाँदे...' शब्दशः अर्थ, 'मला तुम्हाला विचारायचं होतं...' वाटतंय ना ओळखीचं? आपणही फोन केल्यावर काय म्हणतो? "जरा काम होतं तुमच्याकडे." काम आत्ता आहे, पण 'होतं' म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. ही अदब आपल्याकडे आहे, त्यांच्याकडेही आहे.

कुणाला काही सुचवायचंय? 'सि ओं-नाले ओ सिनेमा?' सिनेमाला गेलो तर? आपणही इथे 'गेलो' असा भूतकाळच वापरतो. स्वप्नरंजन करायचंय? 'सि जेते रीश...' मी श्रीमंत असते तर... इथे 'सि'च्या वाक्यात अँपार्फे, आणि पुढच्या भागात 'कोंदिस्योनेल' नावाचं रूप येतं. गंमत म्हणजे त्या रूपाच्या शेपट्याही अँपार्फेच्याच. एकदा शिकलात की दोनदा वसूल.

आणि माझा धडा विसरू नका. स्टेटस रिपोर्टमध्ये संपलेल्या कामाला अँपार्फे वापरायचा नाही, नाहीतर डेमो सोमवारवर जातो.

कान तयार करायचा असेल तर शार्ल आझ्नावूरचं १९६५ सालचं 'ला बोएम' ऐका. म्हातारा चित्रकार तरुणपणीच्या मोंमार्त्रच्या आठवणी काढतोय, अँपार्फे धो धो वाहतोय. थोडी तयारी झाली की जॉर्ज पेरेकचं 'ज म सुव्हियँ' बघा, १९७८ सालचं. 'मला आठवतं' अशा सुरुवातीच्या ४८० छोट्या छोट्या आठवणी आहेत, दोन-दोन ओळींच्या. लोकलमध्ये वाचता येतील अशा. आणि पुढे कधीतरी आनी एर्नो. त्यांना २०२२ साली साहित्याचं नोबेल मिळालं. २००८ सालचं त्यांचं 'लेझाने' हे एका अख्ख्या पिढीचं आत्मचरित्र बरंचसं अँपार्फेतच चालतं. 'मी' म्हणायचंच नाही. आपण असं करायचो, लोक असं बोलायचे, टेबलावर हे असायचं.

"ए मँतनाँ?"

शेवटी परीक्षा. डेल्फ ए-टू. एकूण १०० मार्क, ऐकणं-वाचणं-लिहिणं-बोलणं प्रत्येकी २५. पास व्हायला ५०, पण कुठल्याही एका भागात पाचच्या खाली गेलात तर संपलं. मला धास्ती होती ती तोंडीची. आधी चिठ्ठ्या उचलायच्या, दहा मिनिटं तयारीला, मग आत.

माझ्या चिठ्ठीत आलं, लहानपणी तुमच्यासाठी महत्त्वाच्या असलेल्या एका व्यक्तीबद्दल सांगा. दहा मिनिटं मी कागदावर फक्त शेपट्या लिहीत बसले होते.

आत गेले, सुरुवात केली. माझे बाबा बसमध्ये रसव्हर होते. ते रोज पहाटे चारला उठायचे. त्यांचा आवाज मोठा होता. ते गर्दीतही सगळ्यांशी बोलायचे. ते गोष्टी सांगायचे. गाडी एकदम मस्त चालली होती, एकही बेल नाही. परीक्षक बाई हसून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी सहज विचारलं, "ए मँतनाँ?"

आणि आता?

पुन्हा तेच, लियाँच्या बाईंसारखंच. पण या वेळी माझं व्याकरण चुकलं नव्हतं. अँपार्फे असाच असतो. तो शेवट सांगतच नाही. 'ते बसमध्ये होते' यावरून माणूस रिटायर झालाय, नोकरी बदललीय की गेलाय, काहीच कळत नाही. ऐकणाऱ्यानं 'मग?' विचारणारच. तीन मिनिटं मी बाबांबद्दल बोलत होते आणि त्या तीन मिनिटांत ते कुठेही गेले नव्हते.

मी म्हटलं, "इल ए मोर, इल्या दझाँ." ते वारले, दोन वर्षांपूर्वी. पासे कोंपोझे. एकच बेल.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी हळूच "ज स्वी देझोले" म्हटलं आणि विचारलं, थांबायचंय का? मी मान हलवली. म्हटलं, एक गंमत सांगायची होती. ('ज व्हुले', बरं का. तेवढ्यातही अदब सोडली नाही!) आणि मग कोंद्युक्तरचा किस्सा सांगितला. फ्रान्समध्ये का होईना, स्टिअरिंग हातात आलं. बाई खळखळून हसल्या. मीही हसले. बाबांचा विनोद फ्रेंचमध्येही चालतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

तोंडीत २५ पैकी २१ मिळाले. ऑनसाइटचं अजून काही खरं नाही.

निकाल लागला तेव्हा घरी फोन केला. आई म्हणाली, "पेढे आण. पण थोडेच आण, तुझ्या बाबांना गोड फार आवडतं." मग तीच क्षणभर गप्प झाली. आईच्या बोलण्यात बाबा अजून बऱ्याचदा वर्तमानकाळात असतात. 'आवडायचं'पर्यंत ती कधी येईल तेव्हा येईल. मी तिचं व्याकरण दुरुस्त करत नाही.

तुम्हाला फ्रेंच शिकायचं असेल तर या वीकएंडला घरी एक प्रश्न विचारा. आईला, आजोबांना, कुणालाही. "तुम्ही माझ्या वयाचे होतात तेव्हा रविवारी काय करायचात?" मग नुसतं ऐका. तासभर तुम्हाला अस्सल अँपार्फे ऐकायला मिळेल, तोही फुकट. मध्येच एखादी बेल वाजेल, 'आणि मग एके दिवशी...' तिथे पासे कोंपोझे सुरू झाला म्हणून समजा.

क्लासला नाव नंतर घाला. प्रश्न मात्र आधी विचारून घ्या.